बरणीतली ज्वारी

१

बरणी जागेवरच होती. झाकण घट्ट, काच लखलखीत धुतलेली, आणि आत नाळेऐवजी मूठभर ज्वारी.

भुवनेश्वरीने फ्रिजचं दार तसंच उघडं टाकलं, बरणी उजेडात धरली आणि माझ्याकडे पाहिलं. माझी बायको जनावरांची डॉक्टर आहे. बैलाची लाथ खाऊन वर हसणारी बाई. त्या दुपारी मात्र तिचे डोळे भरून आले.

"अहो, कुणीतरी नाळ नेली," ती म्हणाली.

मी शुक्रवार पेठेत चादरींचं दुकान चालवतो. दुपारी गिऱ्हाईक पेंगायला लागलं की विजापूर रोडवरच्या तिच्या दवाखान्यात येऊन बिनपगारी मॅनेजर होतो. त्यामुळे तिथलं काहीही हरवलं की पहिला संशय रीतसर माझ्यावर येतो. पण गायीची नाळ घेऊन मी काय तिचं लोणचं घालणार होतो?

नाळ मंद्रूपच्या शहाजीच्या गायीची होती. आदल्या दिवशी गाय व्याली तेव्हा भुवना मुद्दाम तिथं जाऊन बसली होती. वासरू बाहेर आल्याबरोबर तिने नाळेचा वीतभर तुकडा कापून औषधी पाण्याच्या बरणीत घातला, आणि दुसऱ्या एका अडलेल्या म्हशीचा फोन आला म्हणून बरणी घेऊन धावत निघाली. नाळेत मूळपेशी असतात. ती त्यांना स्टेम सेल म्हणते, मी बियाणं म्हणतो. त्या प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि झिजलेल्या सांध्यात टोचायच्या. सांधा पुन्हा धरतोच असं नाही, पण धरू शकतो.

सांधा होता हौश्याचा. हौश्या म्हणजे त्याच मंद्रूपच्या केराबाईचा खिलार बैल. चरीत घसरून त्याच्या मागच्या पायाचा सांधा असा निकामी झाला होता की त्याला स्वतःच्या बळावर उभंच राहता येत नव्हतं. दवाखान्याच्या गोठ्यात तो लोखंडी चौकटीला पट्ट्यांनी पेललेला होता. एवढं वजनी जनावर एकदा बसलं की परत उठत नाही. आणि पट्ट्यांनी आता त्याचं कातडं सोलवटायला लागलं होतं.

त्याच्याच चरबीतून पेशी काढता आल्या असत्या. पण खिलाराच्या अंगावर चरबी कुठली, आणि भूल दिल्यावर तो असा गार पडला होता की पुन्हा ते धाडस नको. म्हणून दुसऱ्या गायीची नाळ. गाय निरोगी हवी, रक्त तपासलेलं हवं, व्यायच्या वेळी डॉक्टर समोर हवी. भुवनाने शहाजीच्या दोन्ही गायी तपासून ठेवल्या होत्या. दुसरी व्यायला अजून पंधरवडा होता, आणि हौश्या तेवढा टिकेल याची खात्री कुणालाच नव्हती.

तेवढ्यात फाटकातून अभिमन्यू आला. हा आमचा प्रयोगशाळेतला मुलगा, हुशार आणि जरा शिष्ट. नाळेतून पेशी सोडवायचं औषध पुण्याहून बर्फाच्या पेटीत येणार होतं, ते आणायला तो सकाळी स्टेशनवर गेला होता; गाडीच तीन तास उशिरा आली. त्याच्या मागून शिवयोगीकाका उतरले. हे माझे चुलते. त्याच गाडीत कुर्डुवाडीला चढले होते. आमच्याकडे हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, खायचं आमंत्रण होतं त्यांना.

काका रेल्वेत क्लेम इन्स्पेक्टर होते. मालगाडीच्या वाघिणीतून गायब झालेला माल शोधण्यात त्यांची हयात गेली. आम्ही दोघं एकदम बोलायला लागलो तर त्यांनी हात वर केला.

"काय गेलं ते नंतर बघू. आधी डबा काय म्हणतो ते बघायचं." त्यांनी बरणी नाकाशी नेली. "हे धुतलं कुणी?"

आमच्यापैकी कुणीच धुतलं नव्हतं.

"चोर भांडं धुऊन ठेवत नाही रे मल्लिनाथ," काका म्हणाले. "हा चोर नाही. दुसरंच कुणीतरी आहे."

२

भुवना गोठ्यात गेली, कारण हौश्याचा एक पट्टा सरकला होता. काकांनी अभिमन्यूला समोर बसवलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"खोलीला कुलूप होतं?"

"होतं. किल्ली गोठ्याच्या खांबाला असते. सगळ्यांना माहीत आहे."

"तू स्टेशनवर असताना इथं कोण होतं?"

"केराबाई मावशी होत्या. मॅडम सकाळीच व्हिजिटला गेल्या होत्या. मी मावशींना म्हटलं, जरा लक्ष ठेवा. त्यांच्याच बैलाचं औषध आहे, त्यांच्याहून जास्त कोण जपणार?"

हे खरंच होतं. केराबाई हौश्याला सोडून हलत नसे. भाकरी गोठ्यात, झोप गोठ्यात. सकाळी ओच्यातून ज्वारीचे दाणे चिमण्यांना टाकायची तेही हौश्याच्या तोंडासमोर, त्याला करमणूक म्हणून.

"आणखी कोण आलं होतं?"

"तो प्रभु आला होता. जनावरांचा व्यापारी. रोजच येतो, बैल विका म्हणतो."

मी मनातल्या मनात प्रभुला बेड्या घालून मोकळा झालो. बैल बरा झाला नाही तर स्वस्तात कुणाला मिळणार? प्रभुलाच. मी तसं काकांना सांगितलंही.

काकांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते अभिमन्यूच्या खिशाकडे बघत होते. खिशात मोबाइल गुरगुरत होता आणि अभिमन्यू तो न बघताच बंद करत होता.

"कुणाचा?"

"कंपनीचा असेल काका. कर्जवाले."

फोन पुन्हा गुरगुरला. काकांनी हात पुढे केला. पडद्यावर नाव होतं, 'शहाजी मंद्रूप'.

"उचल," काका म्हणाले. "आणि आवाज मोठा ठेव."

अभिमन्यूचा चेहरा पडला. शहाजीचा सकाळीही फोन आला होता, आणि त्याबद्दल त्याने कुणाला एक शब्दही सांगितला नव्हता.

३

"काय रं, सकाळी हसलास, तवाधरनं फोन करतोय, उचलंनास व्हय?" शहाजीचा आवाज घोगरा झाला होता. "आमची वार न्हेली आन् गाय आटली. कासंत थेंब न्हाय. वासरू हंबरून हंबरून गप पडलंय. वार वडाला बांदायची असती, बाटलीत घालायची नसती. दुदाचं झाड हाय त्ये. आमच्या आज्ज्यापास्नं बांदत आलोय."

"तुम्ही आज सोलापूरला आला होता का?" काकांनी विचारलं.

"कशाला येऊ? गाय सोडून कुटं जाऊ? तुमच्या डाक्टरीणबाईला सांगा, दुसऱ्या गाईला मी बोट लावू देनार न्हाय. बैल जगू दे न्हाय तर मरू दे. माझं वासरू मराया लागलंय हितं."

त्याने फोन आपटला. वार म्हणजे आपली नाळच, असं मी धरून चाललो. अभिमन्यू खाली मान घालून बसला होता.

"सकाळी हेच म्हणत होता," तो म्हणाला. "स्पीकरवर होता, गोठ्याच्या दारातच उभा होतो मी. वार नेल्याने दूध आटतं म्हणे. मी हसलो. मॅडमना कशाला त्रास, म्हणून सांगितलं नाही."

"हे ऐकलं कुणी?"

"प्रभु होता तिथं. आणि मावशी."

नाव काढायला आणि प्रभुचा टेम्पो फाटकात लागायला एकच गाठ पडली. माणूस घाईत नव्हता, पान चघळत उतरला. मी त्याला सरळच विचारलं की नाळ कुठं आहे. तो माझ्याकडे असा बघत राहिला की मलाच लाज वाटली.

"सावकार, मी बैल बघाया येतो. नाळंचं मी काय करू?" तो म्हणाला. "म्हातारीचा जीव अडकलाय त्या बैलात, ते कळतंय मला. मी विचारतो, ती न्हाय म्हनती, मी जातो. आज तर मीच तिला मंद्रूपला सोडलं."

"मंद्रूपला?" मी म्हणालो. "ती तर इथं होती."

"ह्यो पोरगा स्टेशनला गेला की लगीच म्हनली, मला न्हे. हौश्याला घरचा कडबा आनायचा म्हनली. गावाच्या अलीकडं वडापाशी उतरली. मागारी यष्टीनं आली असंल."

"आणि कडबा?" काकांनी विचारलं.

प्रभुने गोठ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. "कडबा दिसत न्हाय की," तो म्हणाला.

काका उठले आणि गोठ्याकडे चालू लागले. मला आतून वाईट वाटायला लागलं होतं, कारण ते कुठं चालले होते ते आता मलाही दिसत होतं.

४

केराबाईने काकांना बसायला पोतं अंथरलं आणि थर्मासमधला चहा ओतून दिला. भुवना हौश्याच्या पलीकडे पट्टा आवळत होती. काकांनी कप घेताना केराबाईच्या बोटांकडे पाहिलं. बोटांवर काळे चिकट ठिपके होते, धुऊनही न गेलेले.

"अक्का, या हौश्याला कुणाच्या दुधावर वाढवलंत?"

केराबाईला तो प्रश्न आवडला. "शेळीच्या. ह्यो जल्मला आन् ह्येची आई गेली. ह्येला चीक न्हाय, दूद न्हाय. वरडायचा. आई मेलेल्या वासराचं वरडनं लई वंगाळ, दादा. दोन शेळ्या राखून ठिवल्या, बोटानं पाजला."

"आणि शहाजीच्या वासराला आता कोण पाजणार?"

हौश्याने मान वळवून तिच्या खांद्याला नाक लावलं.

"बरणी धुणाऱ्याला बरणीचा राग नव्हता," काका सावकाश म्हणाले. "शहाजी असता तर फोडली असती. व्यापारी असता तर उचलून नाल्यात टाकली असती. या पोराच्या तर ध्यानातही आलं नसतं की दुसऱ्याचं भांडं रिकामं परत ठेवायचं नसतं. त्यात काहीतरी घालून द्यायचं असतं. ते घरंदाज बाईच्याच हाताला कळतं. आणि दवाखान्यात ज्वारी आहे ती फक्त तुमच्या ओच्यात. वडाला काही बांधताना पानं तुटली की हाताला चीक लागतो, तो असा काळा पडतो, लवकर निघत नाही. बैलाला सोडून कधी न हलणारी बाई आजच हलली, कडबा आणायला गेली आणि रिकाम्या हाताने आली. मला फक्त एवढंच कळत नव्हतं, की स्वतःच्या बैलाचं औषध कुणी स्वतः का न्यावं."

केराबाईने पदराने हौश्याचं नाक पुसलं.

"मीच न्हेली," ती म्हणाली. "शहाजी फोनवर वरडत व्हता त्ये ऐकलं. मागनं वासरूबी ऐकू आलं. माज्या हौश्याच्या पायापायी दुसऱ्याच्या लेकराचं दूद तोडायचं व्हय? मला न्हाय सोसलं. वल्ल्या फडक्यात गुंडाळली आन् वडाला बांदून आले. तुमची वस्तू बिनपुसता न्हेली, म्हनून भांडं रिकामं ठिवलं न्हाय."

भुवना पट्टा सोडून पुढे आली होती. सगळं तिने ऐकलं होतं. मला वाटलं आता ही बोलेल, आणि ती बोलते तेव्हा मी दुकानात जाऊन बसतो. पण ती केराबाईशेजारी जमिनीवरच बसली.

"अक्का, ती नाळ आता गेली," ती म्हणाली. "उन्हात एवढा वेळ राहिलेल्या पेशी जगत नाहीत. तुमच्या हौश्यासाठी होती हो ती."

"ठावं हाय," केराबाई म्हणाली. "तुमी पैल्या दिशीच सांगितलं व्हतं की."

तिला ठाऊक होतं. मी गोठ्याच्या बाहेर गेलो. मागून काकांचा आवाज आला, क्लेम इन्स्पेक्टरचा कोरडा आवाज.

"पण माझा हिशेब अजून लागत नाही. शहाजी म्हणतो, वार नेली. अक्का, गायीची वार केवढी असते?"

"असती की, बादलीभर."

"मग ती या बरणीत मावली कशी?"

५

भुवना ताडकन उठली.

"वार मी नेलीच नाही! मी नाळेचा तुकडा घेतला. वार तर तेव्हा अजून पडायची होती. पडेल थोड्या वेळाने, म्हणून मी निघाले. अक्का, तुम्ही बांधली तेव्हा शहाजीकडे बाकीची वार नव्हती?"

"बाकीची कुटली? समदी तुमीच न्हेली म्हनत्यात. मला वाटलं बाकीची तुमी औशिदाला वापरली, हेवढीच उरलीया."

नाळ वेगळी आणि वार वेगळी, हे त्या दिवशीपर्यंत मलाही कुठं ठाऊक होतं? वासराच्या बेंबीची ती नाळ, आणि मागून गर्भाशयातून पडते ती वार. दर वेळी घरातलं कुणीतरी गायीजवळ बसून ती पडेपर्यंत राखण करतं, नाहीतर गाय ती खाते. या वेळी डॉक्टरीणबाई बरणीत काहीतरी घेऊन जाताना सगळ्यांनी पाहिलं. मग राखण कशाची करायची? कुणी बसलंच नाही. आणि डॉक्टरीणबाईंना वाटलं, घरचे बसलेले आहेत.

"म्हणजे वार अजून आतच आहे," भुवना म्हणाली. "ती आत कुजली की गाय तापते, दूध आटतं. वडाचा काही दोष नाही, बरणीचाही नाही. चूक माझी आहे, मी सांगून निघायला हवं होतं. अभिमन्यू, पेटी घे."

अभिमन्यू तिच्या आधी गाडीपाशी पोचला होता. केराबाई निघेना. हौश्याला एकटं कसं सोडायचं? तेव्हा प्रभुने पान थुंकलं आणि चौकटीजवळ बसकण मारली. "जावा अक्का," तो म्हणाला. "मी हाय हितं. इकत मागनार न्हाय आज."

मंद्रूपला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. गोठ्याच्या दारात शहाजी हात पसरून उभा राहिला, आत सोडेना. केराबाई त्याच्या हाताखालून सरळ आत गेली. वय झालेल्या बाईला अडवायची त्याची छाती झाली नाही, आणि तिच्या मागून भुवनाही गेली. गायीचं अंग तव्यासारखं तापलं होतं. भुवनाने हातमोजा चढवला, तपासलं आणि आमच्याकडे बघून मान हलवली. वार आतच होती.

मग इंजेक्शनं झाली, सलाईन झालं. केराबाई घरी जाऊन शेळी पिळून आली आणि बोटाने वासराला पाजत बसली. वासरू आधी बोट चघळत राहिलं आणि मग प्यायला लागलं. शहाजीची बायको रुपाली तिच्या पाठीवर हात ठेवून नुसती उभी होती.

"काकू, तुमच्या बैलाचं औशिद न्हवं का त्ये?" शहाजीने हळूच विचारलं. काकांनी त्याला सगळं सांगितलं होतं. "तुमीच वडाला बांदलं?"

"व्हय," केराबाई म्हणाली. "तू वरडत व्हतास की."

शहाजी उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

परतताना भुवनाने वडापाशी गाडी थांबवली. फांद्यांना जुनी पोती, फडकी लोंबत होती, आजवरच्या कितीतरी वेतांची. त्यांत केराबाईचं ओलं फडकं नवं होतं.

"काडू का खाली?" केराबाईने विचारलं.

"राहू दे, अक्का."

"मग हौश्याचं?"

भुवनाने गाडी सुरू केली. घरी हुग्गी केव्हाच गार झाली होती, आणि ती कुणालाच गोड लागली नाही.

६

दुसऱ्या दिवशी गायीची वार पडली. दूध हळूहळू सुटलं. इकडे हौश्याचं कातडं रोज थोडं थोडं सोलवटत होतं. भुवना जखमा धुवायची, केराबाई तेल लावायची. अभिमन्यू पट्ट्यांखाली घालायला माझ्या दुकानातल्या चादरी घेऊन गेला. मी विचारलं, कुणाला विचारून नेल्यास? तो म्हणाला, बिनपगारी मॅनेजरला. पोरगं सुधारायला लागलं होतं.

प्रभु येतच राहिला, पण विकत घ्यायची भाषा नाही. येताना ओला चारा आणायचा.

मग एका पहाटे भुवनाचा फोन वाजला. "बाई, दुसरी गाय वेना द्यायला लागली," शहाजी म्हणाला. "या. बरनी घिऊन या."

या वेळी मीही गेलो, केराबाईला घेऊन. वासरू आलं, भुवनाने नाळेचा तुकडा घेतला. पण ती निघाली नाही. शहाजी, केराबाई आणि माझी डॉक्टर बायको तिघं ओळीने गोठ्यात बसून राहिली, वार पडेपर्यंत. पडली तशी भुवनाने स्वतः बघितलं, पुरी आहे म्हणाली, आणि पोत्यात भरायला शहाजीला हात लावला. वडाला पोतं बांधायला शहाजी चढला. केराबाईने खालून सुतळी दिली.

रुपालीने आम्हाला पहिला चीक दिला, खरवसाला, पितळी किटलीत. दवाखान्यात आल्यावर भुवनाने नाळ फ्रिजमध्ये ठेवली, किटली रिकामी केली, धुतली. मग कपाटातून एक पुडी काढून ती किटलीत सोडली. बरणीतली ज्वारी होती ती. तिने जपून ठेवली होती, मला न सांगता.

"अंधश्रद्धा," मी म्हणालो.

"रीत," ती म्हणाली. "किटली उद्या पोचवा."

पेशी वाढल्या, हौश्याच्या सांध्यात टोचून झाल्या. नंतरचे दिवस मी सांगत नाही. ते फार हळू गेले, आणि त्यांतल्या निम्म्या दिवसांत काहीच घडलं नाही. भुवना कुणालाही वचन देत नव्हती. केराबाई मागतही नव्हती.

काका पुन्हा हुग्गी खायला आले त्या सकाळी आम्ही सगळे गोठ्यात होतो. शहाजी आला होता, प्रभु आला होता. हौश्याने मागचा पाय टेकला, उचलला, पुन्हा टेकला. भुवनाने बघून केराबाईला खूण केली.

केराबाईने आधी एक पट्टा सोडला, मग दुसरा. हात तिने हौश्याच्या पाठीवरच ठेवला होता. शेवटचा पट्टा खाली पडला तेव्हा तिने हातही काढून घेतला.

हौश्या उभा राहिला.

केराबाईने ओच्यात हात घातला आणि मूठभर ज्वारी त्याच्या तोंडासमोर चिमण्यांना टाकली.